बियाण्याची कणगी

मंडळी, घराची राखण कशी करावी हे तुम्हांला कोणी शिकवायला नको. रात्री निजण्यापूर्वी तुम्ही दाराला कडी लावता. गोठ्याला अडसर घालता. खळ्यावर रास पडली असेल तर घरचे कोणी तरी तिथेच घोंगडी टाकून निजते. हे शहाणपण तुमच्याजवळ वाडवडिलांपासून आहे.

पण आता घरात एक नवी वस्तू आली आहे. तिला दार आहे, पण ते डोळ्यांना दिसत नाही. तिला कडी आहे, पण ती हाताला लागत नाही. ती वस्तू म्हणजे जोडलेले यंत्र. आजचा धडा या यंत्रांच्या राखणीचा आहे. धडा थोडा मोठा आहे. एका दमात वाचू नका. दोन रात्री घ्या, तीन घ्या. पण शेवटपर्यंत वाचा.

१. विहिरीवरची मोटार

आमच्या रात्रीच्या वर्गात एक शेतकरी दादा येतात. वय पंचावन्न. गेल्या साली सही करायला शिकले, आता वर्तमानपत्राचे मथळे वाचतात. एके दिवशी ते मोठ्या खुशीत वर्गात आले. म्हणाले, "गुरुजी, मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला. आता राती-अपराती चिखलात जाया नको. वीज आली की हातरुणातनं फोन लावायचा, मोटार चालू. परत फोन लावला की बंद."

सगळ्यांना कौतुक वाटले. मलाही वाटले. आमच्याकडे शेतीची वीज पुष्कळ वेळा रात्री येते. अंधारात विंचू-सापाच्या वाटेने विहिरीवर जाणे म्हणजे जिवाशी खेळ. तो खेळ टळला, ही फार चांगली गोष्ट झाली.

मग मी विचारले, "दादा, तुमच्या फोनने मोटार चालू होते. दुसऱ्या कोणी त्या नंबरावर फोन लावला तर?"

दादा हसले. "त्याला नंबर कुठं म्हाईत हाय?"

"ज्याने स्टार्टर बसवला त्याला?"

"त्याला हाय."

"ज्याने सिमकार्ड दिले त्याला?"

"त्यालाबी हाय."

"आणि तुमच्या पोराने तो नंबर कोणाला सांगितला असेल तर?"

दादा गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टार्टर बसवणाऱ्याला बोलावून घेतले. तेव्हा कळले की त्या यंत्राला एक गुप्त आकडा असतो. कारखान्यातून येताना तो १२३४ असा होता आणि अजूनही १२३४ असाच होता. कोणाचे फोन ऐकायचे आणि कोणाचे नाही, हे यंत्राला सांगायची सोय होती. पण ते कोणी सांगितलेलेच नव्हते. गावातल्या कुठल्याही टवाळ पोराने रात्रभर मोटार चालू ठेवली असती, तर विहीर कोरडी पडून मोटार जळाली असती.

दादांनी आकडा बदलला. स्वतःचा आणि मुलाचा, असे दोनच नंबर यंत्रात घातले. खर्च काही आला नाही. अर्धा तास गेला एवढेच.

आता यातले तत्त्व पाहा. जुन्या मोटारीला बटण होते. ते दाबायला विहिरीवर जावे लागे. म्हणजे चोरालाही विहिरीवर जावे लागे. नव्या मोटारीला अदृश्य दोरी आहे. ती दोरी फोनमधून येते. जी दोरी आपला हुकूम यंत्रापर्यंत नेते, तीच दोरी परक्याचा हुकूमही नेऊ शकते. म्हणून दोरी बांधली की गाठ कोणाच्या हाती आहे, हे पाहिलेच पाहिजे.

मोबाईल फोन, दुकानातला कॅमेरा, घरातला टीव्ही, दूध संकलन केंद्रातला संगणक, बँकेचे पैशाचे यंत्र ही सगळी जोडलेली यंत्रे. त्यांचे फायदे मोठे आहेत. त्यांना भिऊन दूर पळायचे नाही. बैल मारका आहे म्हणून कोणी शेती सोडत नाही. त्याला वेसण घालतो. तसेच हे.

२. कॅमेऱ्यांची फौज

तुम्ही म्हणाल, आमच्या गावच्या यंत्रात कोण कशाला शिरेल? आमच्याजवळ चोरण्यासारखे काय आहे?

याचे उत्तर २०१६ साली मिळाले. त्या वर्षी मिराई नावाची एक दुष्ट आज्ञावली जगभर फिरली. आज्ञावली म्हणजे यंत्राने काय करावे हे सांगणारी हुकुमांची यादी. मिराई ही जोडलेले कॅमेरे आणि घरोघरी इंटरनेट आणून देणारी लहान खोकी शोधीत फिरे. यंत्र सापडले की ती त्याच्या दारावर कारखान्याचे ठरावीक पासवर्ड लावून पाही. असे सुमारे साठ पासवर्ड तिच्याजवळ होते. त्यापलीकडे मोठी विद्या तिला लागत नव्हती. कारण लाखो लोकांनी यंत्र विकत आणले, भिंतीला लावले, पण पासवर्ड बदललाच नाही.

अशी लाखो यंत्रे तिच्या ताब्यात गेली. मालकांना पत्ताही नव्हता. त्यांचा कॅमेरा चालतच होता. पण आतून तो दुसऱ्याची चाकरी करीत होता. मग २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या डाइन नावाच्या कंपनीवर अशा यंत्रांच्या फौजेने हल्ला केला. इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधून देण्याचे काम ही कंपनी करी. एका छोट्या दुकानासमोर हजारो माणसे उगीचच येऊन उभी राहिली, तर खरे गिऱ्हाईक आत जाईल कसे? तसेच झाले. ट्विटर, नेटफ्लिक्स अशा मोठमोठ्या ठिकाणी लोकांना कित्येक तास पोहोचता येईना.

मिराई बनवणारे कोण होते? अमेरिकेतले तीन तरुण. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांचा कबुलीजबाब न्यायालयात जाहीर झाला.

तेव्हा मंडळी, चोराला तुमच्या घरातलेच काही हवे असते असे नाही. कधी त्याला तुमचे यंत्र हवे असते, दुसऱ्याला मारायला. आपली काठी राखणे ही शेजाऱ्याचीही राखण आहे.

३. न्हावा शेवाची गोष्ट

आता मोठी गोष्ट सांगतो. ती आपल्या रायगड जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचली.

उरणजवळ न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. परदेशी जाणारा माल तिथे मोठ्या लोखंडी पेट्यांत भरून जहाजांवर चढतो. या पेट्यांना कंटेनर म्हणतात. नाशिकची द्राक्षेही अशाच थंड पेट्यांत घालून परदेशी जातात. या बंदरातला एक धक्का २०१७ साली मर्स्क या कंपनीच्या शाखेकडे चालवायला होता. मर्स्क ही डेन्मार्क देशातली कंपनी. कंटेनर वाहून नेणारी त्या वेळची जगातली सर्वांत मोठी कंपनी.

आता युक्रेन देशाकडे चला. तिथे हिशेब ठेवण्याची एक आज्ञावली फार लोक वापरीत. सरकारात कर भरायला ती उपयोगी पडे. आज्ञावली बनवणारी मंडळी वरचेवर तिच्यात दुरुस्ती करून ती दुरुस्ती सगळ्यांच्या संगणकांना पाठवीत. याला अपडेट म्हणतात. हल्लेखोर गुपचूप या कंपनीच्याच संगणकात शिरले. २७ जून २०१७ रोजी त्यांनी त्या वाटेने विष पाठवले. या विषाला पुढे नॉटपेट्या असे नाव पडले.

विष संगणकात शिरले की दोन वाटांनी पसरे. पहिली वाट म्हणजे विंडोज या प्रणालीतले एक जुने भोक. ते बुजवण्याचा उपाय मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्च २०१७ मध्येच दिला होता. पण पुष्कळांनी तो केला नव्हता. दुसरी वाट म्हणजे संगणकाच्या स्मरणात राहिलेले पासवर्ड. ते उचलून विष शेजारच्या संगणकात जाई. त्यामुळे भोक बुजवलेले संगणकही पडले. एकदा गल्लीत आले की घरोघर शिरले, असा प्रकार.

पडद्यावर चिठ्ठी दिसे, की ३०० डॉलर द्या म्हणजे तुमचे कागद सोडवून देतो. पण ही खंडणी खोटी होती. पैसे दिले तरी कागद सुटत नसत. हे विष नासधूस करायलाच सोडलेले होते. अमेरिका आणि ब्रिटन या देशांच्या सरकारांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. रशियाने तो नाकारला.

मर्स्कचे युक्रेनमध्येही काम होते, आणि तिथे ती हिशेबाची आज्ञावली वापरात होती. तेवढी फट पुरली. कंपनीचे संगणक जगभर एकमेकांना जोडलेले होते. बघता बघता कोपनहेगनच्या मुख्य कचेरीतले पडदे एकामागून एक काळे झाले. लोक जिन्यावरून धावत खोल्याखोल्यांत जाऊन ओरडू लागले, की संगणक बंद करा, तारा उपटा. पण तोवर उशीर झाला होता.

जहाजे बुडाली नाहीत. यारी तुटल्या नाहीत. पण कोणत्या पेटीत काय आहे, ती कोणाची आहे, कुठे जायची आहे, हे सांगणारे संगणकच मुके झाले. अमेरिकेत न्यू जर्सीच्या बंदराबाहेर ट्रकांची लांब रांग लागली. आणि इकडे न्हावा शेवाला तो धक्का अडला. मालाची नोंद हाताने करायची वेळ आली. काम तुंबले.

विचार करा. युक्रेनमधल्या हिशेबाच्या वहीला वाळवी लागली, आणि उरणच्या धक्क्यावर ट्रकवाला ताटकळला. जोडलेले असणे म्हणजे हे.

४. घानामधली वीज गेली

आता या गोष्टीतला सर्वांत मोलाचा भाग ऐका.

शाळेत एक जनरल रजिस्टर असते. प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख त्यात असते. मी मुख्याध्यापक असताना ते कुलपात ठेवीत असे. ते हरवले तर शाळेची इमारत जागेवर राहील, पण कोण मूल कोणत्या वर्गातले, हे सांगता येणार नाही. मर्स्कच्या संगणकांचेही असे रजिस्टर होते. कोणाला आत येऊ द्यावे, कोणाला काय अधिकार, हे त्यात लिहिलेले असे. त्याच्या सुमारे दीडशे प्रती जगभरातल्या दीडशे संगणकांत होत्या. एक बिघडली तर दुसरीवरून काम चालावे, ही योजना.

योजना शहाणपणाची दिसते ना? पण त्या दीडशे प्रती एकमेकींना सतत जोडलेल्या होत्या. विष आले तेव्हा सगळ्या प्रती बरोबरच गेल्या. सगळ्याच एका वेळी जातील, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

बाकीचे पुष्कळसे कागद राखीव प्रतींतून परत मिळत होते. पण हे रजिस्टर मिळेना. आणि रजिस्टराविना बाकीचे उभे करता येईना.

शोध घेता घेता आफ्रिकेतल्या घाना देशात एक प्रत जिवंत सापडली. ती कशी वाचली? हल्ला झाला त्या वेळी तिथली वीज गेली होती. संगणक बंद होता. दोरी तुटलेली होती, म्हणून विष तिथवर पोहोचले नाही.

ती प्रत इंग्लंडला पाठवायची होती. तारेवरून पाठवावी तर घानातले इंटरनेट मंद, दिवसच्या दिवस लागले असते. माणसाबरोबर पाठवावी तर घानातल्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाजवळ इंग्लंडचा व्हिसा नव्हता. शेवटी एक कर्मचारी ती डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला. तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली. दुसरा ती घेऊन इंग्लंडला पोहोचला. एवढ्या मोठ्या कंपनीचे प्राण त्या एका लहानशा डिस्कमध्ये होते.

पुढे दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये जाहीर सभेत सांगितले. त्या दहा दिवसांत लोकांनी कागद-पेन्सिल घेऊन आणि स्वतःच्या मोबाईलवर निरोप देऊन कामाचा मोठा भाग चालू ठेवला. तरीही कंपनीचे पंचवीस ते तीस कोटी डॉलरांचे नुकसान झाले.

वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मावशींनी विचारले, "गुरुजी, विष अपडेटमधूनच आलं म्हणता. मग आम्ही फोनला अपडेट करावं का न करावं?"

प्रश्न फार चांगला. मी म्हणालो, "मावशी, एखाद्या दिवशी दुधात भेसळ निघाली म्हणून आपण पोरांचं दूध तोडतो का?" मग त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच वर्षी १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचे दुसरे विष आले होते. ते त्याच जुन्या भोकातून शिरले. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांचे संगणक बंद पडले. रुग्णांच्या सुमारे १९,००० ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या, असा तिथला सरकारी अंदाज आहे. भोक बुजवण्याचा उपाय दोन महिने आधीच आलेला होता. ज्यांनी तो वेळेवर केला त्यांच्या घरी ते या वाटेने शिरले नाही. म्हणून अपडेट करावे. फोनच्या स्वतःच्या सेटिंगमधून करावे. कोणी पाठवलेल्या दुव्यावरून करू नये.

मात्र अपडेट केले म्हणजे सगळे झाले, असे नाही. राखण करूनही चोरी होते. मग चोरी झाल्यावर संसार पुन्हा कसा उभा राहील, याची तजवीज आधी करावी लागते. ती कशी, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. ते आता सांगतो.

५. माझी चूक

निवृत्त झाल्यावर मी गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करू लागलो. जाती गेली, पिठाच्या गिरण्या आल्या. ओव्या त्या म्हाताऱ्यांबरोबर जातील, असे वाटत होते. पहिल्या दोन वह्या मी हाताने लिहिल्या. मग वाचनालयात संगणक आला. मी टंकलेखन शिकलो. त्यानंतर वही बाजूला ठेवली आणि सगळे संगणकात लिहू लागलो. तीन वर्षे लिहिले.

एक आजी होत्या. त्या आमच्या घराच्या मागच्या आळीत राहत. डोळ्यांनी दिसत नव्हते, पण गळा गोड होता. त्यांनी मला सत्तरावर ओव्या सांगितल्या. माहेरच्या, भावाच्या, विठ्ठलाच्या. त्या थंडीत आजी वारल्या.

पुढे २०२१ साली एके सकाळी संगणकावर एक पत्र आले. वाचनालयाचे अनुदान मंजूर झाले आहे, सोबतचा कागद उघडून पाहा, असे त्यात होते. अनुदानाची आम्ही वाटच पाहत होतो. मी पाठवणाऱ्याचे नाव नीट पाहिले नाही. कोणाला विचारले नाही. कागद उघडला. थोड्या वेळाने सगळ्या फायलींची नावे बदलली. एकही उघडेना. पडद्यावर पैशांची मागणी आली.

मला वाटले, काही हरकत नाही, पेनड्राइव्हवर दुसरी प्रत आहे. पेनड्राइव्ह पाहिला, तर तो संगणकालाच लावलेला होता. मी तो कधी काढतच नसे. विषाने तोही कुलूपबंद केला होता.

मर्स्कच्या दीडशे प्रतींची गोष्ट मला पुढे कळली. तेव्हा मनात आले, तेवढ्या मोठ्या कंपनीची आणि माझी चूक एकच की!

पैसे आम्ही दिले नाहीत. पोलिसांत तक्रार दिली. फायली परत आल्या नाहीत. हाताने लिहिलेल्या दोन वह्या तेवढ्या राहिल्या. आजींच्या ओव्या त्या वह्यांत नव्हत्या.

महिनाभराने आजींची सून माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, वर्षश्राद्ध आलंय. आत्याबाईंच्या ओव्या तुमच्याकडं लिहिल्यात म्हणं. चार वाचून दाखवाल का?"

मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले. मुलांना सांगत आलो की चूक कबूल करायला लाजू नये. त्या दिवशी मला ते फार जड गेले. पण सांगितले. ती काही बोलली नाही. पदराने डोळे पुसले आणि गेली.

६. बियाणे वेगळे ठेवा

आता तुम्हीच सांगा, माझे चुकले कुठे?

तुम्ही खाण्याचे दाणे एका कणगीत ठेवता. बियाण्याचे दाणे त्यातच ठेवता का? नाही. बियाणे वेगळे काढता, राख लावून वेगळ्या मडक्यात किंवा कणगीत, वेगळ्या जागी ठेवता. घरात चार दिवस उपास घडला तरी बियाण्याला हात लावत नाही. कारण खाण्याच्या कणगीला कीड लागली तर एक साल वाईट जाईल. पण बियाणे गेले तर पुढची सालेच गेली.

माझ्याजवळ दोन कणग्या होत्या, पण दोन्ही एकमेकींना चिकटून होत्या. कीड एकीतून दुसरीत गेली. दुसरी प्रत तेव्हाच खरी, जेव्हा ती वेगळी असते आणि दोरीला बांधलेली नसते.

वैरणीच्या गंज्यांचेही तसेच. शहाणा शेतकरी सगळ्या गंज्या एकाला एक लावून रचत नाही. मध्ये जागा सोडतो. एकीला आग लागली तर दुसरी वाचते. बँकेचा व्यवहार ज्या फोनवर, तो फोन खेळायला पोरांच्या हाती देऊ नये. एकच पासवर्ड सगळीकडे लावू नये. ही मधली जागा सोडणेच आहे.

आणि तिसरी गोष्ट. जुनी विद्या विसरू नये. मर्स्कच्या लोकांनी कागदावर काम चालवले म्हणून धंदा वाचला. दादांनी मोबाईल स्टार्टर बसवला, पण मोटारीचे साधे बटण काढून टाकले नाही. ते बरे केले. जवळच्या माणसांचे फोन नंबर वहीत लिहून ठेवा. बँकेचा खाते नंबर घरात लिहिलेला असू द्या. मात्र गुप्त आकडा त्या वहीत लिहू नका.

७. पैशाची राखण

आता तुमच्या रोजच्या उपयोगाचे चार शब्द.

मोबाईलवरून पैसे देताना आपण गुप्त पिन घालतो. पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. कोणी म्हणाला, "तुम्हांला पैसे पाठवतो, पिन घाला," तर तो ठक समजा.

फोनवर येणारा ओटीपी हा तुमच्या तिजोरीची क्षणभराची किल्ली आहे. ती बँकेच्या साहेबालाही सांगायची नसते. खरा साहेब ती मागत नाही.

लग्नाची पत्रिका, सरकारी योजनेची यादी अशा नावाने व्हॉट्सअॅपवर फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके अशी इंग्रजी अक्षरे असली तर ती उघडू नका. ती पत्रिका नसते. तो फोनमध्ये शिरणारा चोर असतो. पाठवणारा ओळखीचा असला तरी आधी त्याला फोन करून विचारा. त्याचाच फोन चोराच्या हाती गेलेला असू शकतो.

कोणी पोलिसाचा वेष करून फोनवर दिसतो. म्हणतो, तुम्हांला फोनवरच अटक झाली आहे, हलू नका, कोणाला सांगू नका, पैसे भरा. आपल्या कायद्यात फोनवरची अटक नाही. फोन बंद करा आणि शेजाऱ्याला हाक मारा. "कोणाला सांगू नका" असे जो म्हणतो, त्याची गोष्ट सगळ्यांना सांगावी.

आणि पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० या नंबरावर फोन करा. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे. बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसा वाटेतच अडवण्याची आशा अधिक. रात्र गेली तर पैसा दहा खात्यांतून फिरून पसार होतो.

लाज हा चोराचा मोठा मित्र आहे. मीही चूक झाल्यावर पहिले दोन दिवस कोणाला काही सांगितले नव्हते. तेवढ्यात तेच खोटे पत्र शेजारच्या गावच्या वाचनालयालाही गेले होते. मी वेळेवर सांगितले असते, तर ते तरी सावध झाले असते.

८. शेवट

आजींची सून पुढे आमच्या रात्रीच्या वर्गात येऊ लागली. पाटी-पेन्सिल घेतली. अ आ इ शिकली. दीड वर्षाने एके दिवशी तिने माझ्यापुढे वही ठेवली. वाकड्यातिकड्या अक्षरांत तिने चौदा ओव्या लिहिल्या होत्या. सासूबरोबर दळता-कांडता तिच्या कानावर पडलेल्या त्या होत्या. म्हणाली, "एवढ्याच आठवल्या गुरुजी. आठवल्या की आणिक लिहिते."

त्या चौदा ओव्या मी संगणकात घातल्या. एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. पेनड्राइव्ह काढून वाचनालयाच्या कपाटात कुलपात ठेवला. आणि तिची वही तिच्याच घरी राहू दिली. तीन जागी तीन प्रती झाल्या. आता त्या एकदम जाणे कठीण.

सत्तरातल्या चौदा परत आल्या. बाकीच्यांचे दुःख मला आहे. पण ज्या राहिल्या, त्या एका बाईला लिहिता आले म्हणून राहिल्या, हे मी विसरत नाही.

लक्षात ठेवा

नवे यंत्र आणले की कारखान्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदला.
अपडेट वेळेवर करा, पण फोनच्या सेटिंगमधूनच.
मोलाच्या वस्तूची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा. ती यंत्राला जोडून ठेवू नका.
पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नका.
फसलात तर लगेच १९३० ला फोन करा, आणि चार माणसांना सांगा.

प्रश्न

१. शेतकरी दादांच्या स्टार्टरमध्ये कोणती उणीव राहिली होती? ती त्यांनी कशी दूर केली?
२. मर्स्कजवळ रजिस्टराच्या दीडशे प्रती होत्या. तरी त्या का गेल्या? घानामधली प्रत का वाचली?
३. गुरुजींचा पेनड्राइव्ह असूनही उपयोग का झाला नाही?
४. तुमच्या घरी जोडलेली यंत्रे किती आहेत? त्यांची नावे वहीत लिहा. कोणाचा पासवर्ड अजून बदललेला नाही, ते शोधा आणि उद्याच बदला.
५. तुमच्या घरातली कोणती गोष्ट हरवली तर पुन्हा मिळणार नाही? तिची दुसरी प्रत आजच करा.